दत्तूने न काढलेली कडी

आखातातल्या हिद्द गावच्या एका खासगी वृद्धाश्रमात नळ, दिवे, दारं, सगळी दुरुस्ती दत्तू कांबळेकडे असे. परभणीचा आयटीआय झालेला, कामात हुशार. पण म्हाताऱ्यांच्या खोल्यांना बाहेरून कड्या ठोकल्या त्याही यानेच.

त्या कड्यांपायी आश्रमाला एकदा दंड झाला होता. पुन्हा दिसल्या तर मोठा दंड आणि परवाना बंद. मग मॅनेजर शिवदासने युक्ती काढली. तपासणीआधी दत्तूने कड्या काढायच्या, भोकं पुट्टीने बुजवायची, वर रंग मारायचा आणि तपासनीस गेले की पुन्हा ठोकायच्या. करून सवरून नामानिराळं राहण्यात शिवदासचा हात धरणारा कोणी नव्हता.

कोपऱ्यातल्या खोलीत युसूफ हाजी होते. जन्म समुद्रावर गेलेला, आता स्मृती गेलेली, मनगटात ताकद मात्र तशीच. नर्सेस घाबरत, म्हणून त्यांची कडी दत्तूच लावायचा नि काढायचा. काल त्याने दार उघडलं तर हाजींचं कपाळ फुटलेलं, नखं उखडलेली, दाराला आतून रक्ताचे पंजे. ते पुसताना दत्तूला स्वतःची किळस आली.

आज सकाळी तपासणी होती. दत्तूने बाकीच्या कड्याही काढल्या नाहीत, हाजींचीही नाही. फाटकात गाडी थांबली तसा शिवदास स्क्रूड्रायव्हर घेऊन हाजींच्या दाराशी उभ्या दत्तूकडे धावत आला.

"कडी काढ."

"नाही काढत, साहेब. बघू द्या त्यांना."

शिवदासने त्याचं डोकं त्याच दारावर आपटलं. दत्तूने कडी दोन्ही हातांनी धरून ठेवली. शिवदास स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने त्याची बोटं ठेचत राहिला, व्हिसा खलास करण्याच्या धमक्या देत राहिला. आतून हाजी दार बडवत होते. दत्तूचं तोंड रक्ताने भरलं, पण कडी सुटली नाही.

तपासनीस बाई समोर येऊन उभ्या राहिल्या तेव्हा शिवदासचा हात अजून वर होता. कडी कोणी लावली, त्यांनी हिंदीत विचारलं. शिवदासने लगेच दत्तूकडे बोट केलं.

"मैंनेच लगाया," दत्तू म्हणाला. "इनके बोलने पे. आप आते तब निकालता, आप जाते फिर लगाता."

बाईंनी फोटो घेतले. मोठा दंड लागणार, परवानाही जाणार, असं त्यांनी तिथेच सांगितलं. मग त्यांनी दार उघडायला लावलं.

दत्तूने ठेचलेल्या बोटांनी कडी सरकवली. हाजींनी त्या दारात इतके दिवस एकच तोंड पाहिलं होतं. ते त्याच्यावर तुटून पडले, गळा धरून गुद्दे घालू लागले. माणसं सोडवायला धावली.

दत्तूने हात वर केला नाही. "मारने दो उनको," तो म्हणाला.