आरशाचा खिळा

अकोल्यात जठारपेठेतल्या एका लॅबमध्ये मी बरीच वर्षं रक्त तपासलं. आमची एक पद्धत होती. आकडा मर्यादेबाहेर गेला की रिपोर्टवर लाल पेनानं गोल करायचा. पेशंट आकडे वाचत नसत, लाल गोल शोधत. त्या पेनाचा मला माज होता, हे आज कबूल करते.

माय अमरावतीला एकटी राहायची. साठी उलटलेली, पाळी बंद होऊनही पुष्कळ वर्षं झालेली. एका दिवाळीत मी गेले तर भांग पाडता पाडता म्हणाली, "अवं, हा आरसा वर सरकून राह्यला. खिळा खाली ठोकून दे ना."

"आरसा नाही सरकला माय, तूच बुटकी होऊन राह्यली," मी म्हटलं. दोघी पोट धरून हसलो. मग मीच हातोडी घेतली आणि खिळा खाली ठोकला.

तिची पाठ दुखायची म्हणून जाताना रक्त काढून नेलं. कॅल्शियम तपासलं. अगदी बरोबर आलं, कुठंच लाल गोल नाही. फोनवर तिनं एवढंच विचारलं, "लाल नाही ना? मंग झालं."

पुढं तिच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघूनही हाडांची घनता मोजून घ्या म्हणून सांगितलं. हाडांची झीज दाखवणारी रक्ताची आणखी एक तपासणीही लिहून दिली. तिचा फोन आला, "करू का वो?" ती कापसाला भाव नसलेली वर्षं होती. चिठ्ठीवर चार तपासण्या असल्या तर लोक एकच करून जात, आणि कोणत्या गाळाव्या ते मलाच विचारत. गाळायची सवय मलाही लागली होती. "काई गरज नाही," मी सांगितलं. "रिपोर्ट म्याच केला ना?"

वर्षभरात अंगणात बादली उचलताना ती बसली ती बसलीच. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना मी तावातावानं म्हणाले, कॅल्शियम तर नॉर्मल होतं! ते शांतपणे म्हणाले, "रक्तातलं बरोबरच राहतं, बाई. कमी पडलं की रक्त ते हाडांतून काढून घेतं." हे मी शिकले होते. परीक्षेत लिहिलंही होतं.

तिचे कपडे आणायला घरी गेले. आरशात बघायला मला चांगलंच वाकावं लागलं. आरशाच्या वर भिंतीत खिळ्याची दोन जुनी भोकं होती. एक बाबांच्या वेळचं, दुसरं तिनं स्वतः कधीतरी खिळा खाली घेतला तेव्हाचं. तिसरा खिळा माझा. मी बोटं लावून बघितली, वरच्या भोकापासून माझ्या खिळ्यापर्यंत पाच बोटं भरली. माझी माय भिंतीवर पाच बोटं खचली होती आणि मी हसले होते.

ती पुन्हा उभी राहिली नाही. आता भांग पाडताना आरसा मी हातात धरते. शेजारणी भेटायला येतात तेव्हा ती पडल्या पडल्या कौतुकानं सांगते, "माह्या पोरीनं रक्त तपासलं होतं, सारं बरोबर होतं. नशिबाले कोण काय करीन?" मी त्यांच्यासाठी चहा टाकायला आत जाते. खरं काय ते मी तिला अजून सांगितलेलं नाही.