बाळ्याचा सातवा गुरुवार

कोल्हापूर शहर आणि पंचक्रोशीतील तमाम बंधुभगिनींना कळविण्यात येते की, लग्नात, पारावर, एस.टी.त हशा पिकवणारा हा इसम आज अशी गोष्ट सांगणार आहे, जी त्यानं कुणालाच सांगितलेली नाही. बायकोलाही नाही. हसू नका. म्हणजे — सुरुवातीला हसा. नंतर तुमचं तुम्हीच थांबाल.

नव्वदीतली गोष्ट. मी आणि बाळ्या दहावीत. शाळा आम्हा दोघांना दर गुरुवारी एका मनाच्या डॉक्टरबाईंकडे धाडायची. नाही गेलो तर दाखला हातात. माझा गुन्हा म्हणजे हेडसरांच्या स्कूटरच्या डिकीतला बेडूक, आणि तसलेच पंधरा-वीस. बाळ्याचा एकच — राग आला की हातात असेल ते फेकायचा. विचार नंतर.

बाईंनी त्याला शिकवलं, हात उचलण्याआधी आपण काय करणार ते मोठ्यानं बोलायचं. बाळ्याचे वडील, म्हणजे सगळ्या गल्लीचे दादूमामा, संध्याकाळी चौकातल्या कट्ट्यावर म्हशी आणून गिऱ्हाइकासमोर ग्लासात धार काढून द्यायचे. तिथं एकदा बाळ्या ओरडला, "मी आता ह्यो ग्लास फेकणार हाय!" सगळा कट्टा खो खो हसला. पण ग्लास — हातातच राहिला. अवघ्या सहा गुरुवारांत. मी डोळ्यांनी पाहिलं.

आणि मला काय झालं? मत्सर? बाई त्याच्याकडे बघून हसायच्या, माझ्याकडे बघून उसासा टाकायच्या. की तो सुधारला तर माझ्याबरोबर उनाडायला कोण, हे? ठाऊक नाही. जिभेवर आलं आणि बोलून गेलो. भर कट्ट्यावर, आवाज खाली आणून, नाटकातल्यासारखा —

"मामा, येत्या गुरुवारी बाळ्याच्या डोस्क्याला शॉक देणारायत. पोरगं कायमचं खुळं हुतंय म्हणं."

मामांचा धार काढणारा हात थांबला. "आयला! माझ्या पोराला?"

खरं सांगू? मला मजा आली.

सातव्या गुरुवारी बाकावर मी एकटा; दाखला दिला तरी बेहत्तर म्हणत मामांनी बाळ्याला घरीच ठेवलं होतं. बाईंनी विचारलं, बाळ्या का नाही आला? माहीत नाही, म्हणालो. त्यांनी मामांसाठी चिठ्ठी दिली. ती मी रंकाळ्यात टाकली. अजून वेळ होता, नाही का? पुढचा गुरुवार होता, त्याच्या पुढचा होता. रोज संध्याकाळी कट्ट्यावर जायचो, खरं सांगायला तोंड उघडायचो — आणि दूध पिऊन परत यायचो.

महिन्याभरानं कट्ट्यावर एक गिऱ्हाईक दूध देणाऱ्या बाळ्याला म्हणालं, "काय रं, नुसता फेसच पाजतोस व्हय?" बाळ्यानं पितळी माप उचललं. आधी काहीच बोलला नाही. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. त्या माणसाचा डावा डोळा गेला. बाळ्या बालनिरीक्षणगृहात गेला, आणि परत आला तो कुणाच्याच तोंडाकडे न बघणारा.

दहाएक वर्षांनी माझं लग्न झालं. मांडवात दादूमामा आले, बाळ्याला मनगटाला धरून. सासरची मंडळी भोवती बसलेली. मामांनी माझ्या पाठीवर थाप मारली. बाळ्या जमिनीकडे बघत होता. आता तरी बोलायचं होतं ना? मी हसलो — नवरदेव हसतो तसा. आणि मामा भर मांडवात ओरडले, "पावणं, लई मोठ्या काळजाचा जावई मिळाला तुमास्नी! ह्यो हुता म्हणून माझं पोरगं वाचलं की!"