बुवांचा तांब्या

"ठेव तिथं खाली. आणि आता पुन्हा हात लावू नकोस," वकीलसाहेब म्हणाले.

सभेसाठी त्यांनीच मागवलेला तांब्या मी दादरच्या एका सभागृहाच्या दारात ठेवला. त्यांच्या गड्याने तो माझ्यादेखत चिंचेने घासला, वर गोमूत्र शिंपडलं आणि बुवांच्या फोटोपुढे नेऊन ठेवला. हार घालून. बुवांची शोकसभा होती.

बुवा परळला आमच्या चाळीत भजन करायचे. आमची चाळ महारांची. बुवांनी स्वतःची जात कधी सांगितली नाही. कुणी पाया पडायला वाकलं की ते आधी हा तांब्या पुढे करायचे. सगळ्यांनी त्यातलंच पाणी प्यायचं, तोंड लावून. जो पिणार नाही त्याला पाया पडू द्यायचे नाहीत. "पाय नंतर. आधी पाणी." त्यांची शिकवण म्हणाल तर एवढीच. सात वर्षं तो तांब्या मी भरला. गिरणी सुटली की आधी नळ, मग घर.

ही सभा भरवणारे वकीलसाहेब बुवा असताना चाळीत दोनदा भजनाला आले होते. दोन्ही वेळा घसा बसलाय म्हणाले आणि पाया न पडताच गेले.

आता तेच माईकवर बुवांची समता सांगत होते. मुंबई मिळवायची तर जातबीत विसरा, आपण सगळे फक्त मराठी, असंही म्हणाले. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात घोषणा देऊन माझाही घसा फुटला होता. तिथे मी त्यांची भगिनी होते.

राग आला तो स्वतःचाच. अर्धी सभा मी चपलांजवळ गप्प बसून काढली. आमच्या चाळीतली माणसंही रांगेने फोटोच्या पाया पडत होती. तांब्या समोर कोरडा. एकालाही आठवू नये?

मी उठले. हार काढला. कोपऱ्यातल्या माठातलं पाणी तांब्यात घेतलं, तोंड लावून प्यायले आणि तो वकीलसाहेबांपुढे धरला.

"पाय नंतर. आधी पाणी."

त्यांनी तांब्याकडे पाहिलंही नाही. गड्याला म्हणाले, "हिला बाहेर काढ."

मी निघाले, पण तांब्या घेऊन.

बुवांच्या पहिल्या पुण्यतिथीला त्यांचा माणूस तो मागायला आला. मी भरून त्याच्यापुढे धरला. तो तसाच परत गेला.

तांब्या माझ्याकडेच आहे. रोज भरते. साहेबांना हवा असेल तर त्यांनी स्वतः चाळीत यावं, सगळ्यांसमोर प्यावं आणि न्यावा. मी नसले तर माझी पोरगी दारात असेल. तिला सांगून ठेवलंय, घसा बसल्याचं कारण ऐकायचं नाही.