बर्फाचं पाणी होईपर्यंत

पाचूबंदरची ती कोळीण वसईच्या बाजारात माझी ठरलेली. नाव कधी विचारलं नाही, 'मावशी' म्हटलं की भागायचं. तिला घड्याळ लागत नसे. सकाळी मासळीवर बर्फ पसरायची आणि त्याचं पाणी झालं की, मासळी उरो वा संपो, पाटी उचलून घरी.

एकदा पापलेट कापता कापता तिने विचारलं, "बाय, दुबय किती लांब गं?"

लेकीला तिथल्या नोकरदार मुलाचं स्थळ आलं होतं. लेक हरखली होती, मावशी मात्र होकार द्यायला धजत नव्हती.

"दोनेक हजार किलोमीटर," मी म्हटलं. तिची सुरी थांबली. मी घाईने म्हटलं, "पण मुंबईहून विमानाने तीनच तास!"

तिने पाटीत हात घालून बर्फ चाचपला.

"म्हंजे ह्याचं पानी व्हायच्या आत पोर पोचंल?"

"पोचेल की!"

"मंग कसलं लांब! आमचा दादला जालं टाकाया जातो, त्याची दोन-दोन दीस खबर नसते!" आणि ती अशी हसली की शेजारच्या कोळणी वळून बघू लागल्या.

लग्नानंतर लेक निघाली, त्या सकाळी तिला विमानतळावर सोडून मावशी थेट बाजारात आली. मासळी हातोहात खपली, तरी ती पाटीतल्या नुसत्या बर्फाशी बसून. मोबाइल तेव्हा कुठले!

"मावशी, आज उठायचं नाही?"

"थांब गं. पोर वाटंत हाय."

शेवटचा खडा विरघळला तशी ती उठली, पाटीतलं पाणी ओतलं, पदर खोचला आणि साऱ्या बाजाराला ऐकू जाईल असं ओरडली, "पोचली गं, पोचली!"