हार्लनचं वाया न गेलेलं पाणी

हार्लन स्ट्राउडइतका पाण्याला जपणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि पाहायची इच्छाही नाही. तो माझा शेजारी. टूसॉन शहराच्या या टोकाला आमच्या दोघांत एक कुंपण आहे, आणि दोघांनाही घरी बिअर बनवायचा नाद आहे.

लोकांना वाटतं, बिअर म्हणजे मोड आणलेल्या सातूचं माल्ट आणि हॉप्सची कडू फुलं. या वाळवंटात बिअर म्हणजे पाणी. माल्टचा उकळता काढा झटपट थंड केला नाही तर नासायची भीती. म्हणून त्यात तांब्याच्या नळीचं वेटोळं बुडवायचं आणि त्यातून नळाचं पाणी सोडायचं. उन्हाळ्यात आमच्या नळालाच कोमट पाणी येतं, त्यामुळे एक बादली बिअर निववायला सहा बादल्या जातात. भांडी घासायची ती वेगळी. वर पालिकेचे दर असे की ठरल्या मापापुढं गेलात की खिसा फाटलाच.

म्हणून आमच्या घरगुती बिअरवाल्यांच्या क्लबाने चषक ठेवला: कमीत कमी पाण्यात बिअर करील त्याला. नियम अध्यक्ष ड्वेनने केला. गटारात गेलेलं पाणी हिशोबात धरायचं, दुसऱ्या कामी आलेलं धरायचं नाही. कोणी थापा मारू नयेत म्हणून घराचं पाण्याचं बिलही तो बघणार. नियम चांगला होता. तो हार्लनच्या हाती पडला, हे वाईट झालं.

हार्लन आयुष्यभर विहिरींचे पंप दुरुस्त करत आला. मुलगा क्ले हमरस्त्यावरच्या अपघातात गेला आणि हा गॅरेजमध्ये जाऊन बसला. तिथं आधी बिअर आली, मग पाण्याचं वेड आलं. बायकोच्या आंघोळीपर्यंत ते पोचलं, तेव्हा व्हर्ना त्याला माझ्यादेखत म्हणाली, "मला हवं तर वाटीभर पाण्यात आंघोळ करायला लाव. पण माझ्या लिंबाचं पाणी तोडलंस तर बघ."

त्या लिंबाचं बी क्लेने शाळेत असताना कागदी पेल्यात लावलं होतं. झाडाला पहिलं फळ धरलं ते तो गेल्यानंतरच्या हिवाळ्यात. व्हर्ना रोज सकाळी कॉफी घेऊन त्याच्याखाली बसायची. मी कुंपणावरून हात करायचो, ती कप उचलायची. एवढंच आमचं बोलणं.

हार्लनने तिचा शब्द पाळला, हीच तर कडू गोष्ट आहे. लिंबाला कधी नव्हे इतकं पाणी मिळू लागलं. वेटोळ्यातून निघालेलं स्वच्छ पाणी तो पिंपात साठवायचा, त्यात भांडी साफ करायची पावडर कालवायचा, पातेली आणि बरण्या घासायचा, आणि ते धुणं बादली-बादली लिंबाच्या आळ्यात ओतायचा. एक थेंब गटारात नाही.

"अरे, ती पावडर म्हणजे धुण्याचा सोडा आहे," मी म्हटलं.

"पाकिटावर लिहिलंय, निसर्गाला अपाय नाही. वाचता येतं ना तुला?"

पानांच्या कडा करपल्या. आळ्यात पांढरी खपली धरली. हार्लनला वाटलं, झाड तहानलंय. मग त्याने आणखी दोन बादल्या वाढवल्या. मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा, तशातली गत.

शेवटी व्हर्नाने रोपवाटिकेतल्या सोकोरोला बोलावलं. सोकोरोने खपलीचा कण जिभेवर ठेवला आणि ती थुंकली.

"खार आहे हा. बाई, झाडाला समुद्र पाजत होतात काय?"

"वाचेल का?" व्हर्नाने विचारलं.

"आजच नळी लावा. मुळं धुऊन निघतील इतकं गोडं पाणी सोडा, आणि चार दिवस बंद करू नका. मग बघू."

हार्लन तिथंच उभा होता. म्हणाला, "निकाल लागू दे. या महिन्याचं बिल ड्वेन बघणार आहे, आकडा फुगला तर त्याला थाप वाटेल. मग हवं तेवढं सोडू."

व्हर्ना त्याच्याशी भांडली नाही. सरळ गेली आणि नळ सोडला. दुपारी ती दुकानातून परत आली तेव्हा नळ बंद होता आणि वरची चावी काढून घेतलेली. पंपवाल्याच्या हाताला अशा कामाला किती वेळ लागतो? चावी त्याच्या खिशात होती. मी माझी नळी कुंपणावरून टाकली, तर ती त्याने गुंडाळून परत माझ्या अंगणात फेकली. "माझ्या घरात तू लक्ष घालू नकोस," म्हणाला. त्या दिवशी मला त्याची किळस आली, आणि ती अजून गेलेली नाही.

निकालापर्यंत झाडावर पान राहिलं नव्हतं.

क्लबाच्या मागच्या खोलीत ड्वेनने तांब्याचा चषक हार्लनच्या हातात दिला आणि म्हणाला, "या माणसाच्या घरी एक थेंब वाया जात नाही." टाळ्या पडल्या. व्हर्ना दाराशी उभी होती. ती येईल असं मला वाटलं नव्हतं.

"त्याला विचारा, ते पाणी गेलं कुठं," ती म्हणाली.

"लिंबाला," हार्लन म्हणाला.

"आणि लिंबू कुठंय?"

ड्वेनने उगाच पेला पुसला. व्हर्नाची बॅग गाडीतच होती. ती तिथूनच युमा गावी बहिणीकडे गेली, ती अजून तिथंच आहे.

दुसऱ्या दिवशी हार्लनने नळाला चावी बसवली आणि वाळक्या बुंध्याशी चार दिवस पाणी सोडलं. त्याचा उपयोग होणार नव्हता, ते त्यालाही ठाऊक होतं. मग त्याने झाड कापलं. मला वाटलं, आता गॅरेज बंद होईल.

परवा तो कुंपणाशी आला. हातात बादली, बादलीत फेसाळ पाणी.

"तुझ्या डाळिंबाला ओतू का? या वेळी पावडर निम्मीच घातलीये."

"हार्लन, ते गटारात ओत."

त्याने बादली या हातातून त्या हातात घेतली. हात भरून आले असतील, पण खाली ठेवली नाही.

"गटारात ओतलं," तो म्हणाला, "तर हिशोबात धरतात."