पंखा फिरला तेव्हा

रविवारी दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलावर, एका पुठ्ठ्याच्या खोक्यावर, नवा कॉम्प्युटर उघडाच मांडला होता. निवृत्त झाल्यावर गेम खेळायचे म्हणून माझ्या नवऱ्याने आठ महिने एकेक भाग जमवला. गेमची चित्रं दाखवणारं ग्राफिक्स कार्ड जुनंच, पण पारखून घेतलेलं. दर महिन्याला नवं खोकं आलं की मी कुरकुरायचे.

हे सगळं बसवायची पेटी अजून यायची होती, म्हणून तिच्यावरचं चालू करायचं बटणही नव्हतं. त्याऐवजी त्यांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक मुख्य पाटीवरच्या दोन पिनांना टेकवलं. काहीच झालं नाही. चेहरा एवढासा झाला त्यांचा.

मिक्सर अडला की मी आधी बटणं बघते. इथंही तेच केलं. "अहो, वीज येते त्या डब्यामागचं बटण बंदच आहे की!"

पुन्हा टोक टेकवलं. पाटीवरचा छोटा पंखा थरथरला, थांबला आणि गरगर फिरू लागला.

"फिरला गं, फिरला!"

लेक पहिल्यांदा पालथी पडली तेव्हा हे असेच ओरडले होते. आमच्या घरात प्रत्येक यंत्र तयार, झाकलेलंच आलं. एखादी गोष्ट सुरू होताना कशी दिसते, ते मी आज पाहिलं.

"आता पत्र्याची साधी पेटी घेऊ, स्वस्तातली," ते म्हणाले.

"मुळीच नाही. काचेची घ्यायची. मला हा रोज फिरताना बघायचाय."