अव्वांची आकाशी शेवरोले

नांदेडला भावाकडे होते मी. सकाळचा चहा उकळत होता आणि ह्यांचा फोन आला. "अव्वा गेल्या," एवढंच म्हणाले. अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई. पंचाऐंशी पार केलेल्या, वर्षभर अंथरुणाला खिळलेल्या. बातमी काही अनपेक्षित नव्हती. तरी लोहा मागं पडून बस अहमदपूरच्या दिशेला लागली, तशी मी खिडकीला डोकं टेकवून रडले. ते त्या रस्त्यामुळं. ह्याच रस्त्यानं मी नवरी होऊन लातूरला आले होते, आणि मला न्यायला आलेली गाडी अव्वा स्वतः चालवत होत्या.

माझे वडील मुदखेडला रेल्वेत नोकरीला. लग्न बहात्तरच्या दुष्काळातलं, म्हणून मांडवही बेताचाच. पंगतीत पाण्याची भांडी पुन्हा भरायची नाहीत, असं वडिलांनी वाढप्यांना बजावलं होतं. निरोपाच्या वेळी दारात एक भलीमोठी आकाशी गाडी येऊन थांबली. पांढरं छप्पर, पुढं चकचकीत पोलादी पट्टा, मागच्या बाजूला माशाच्या परासारखे दोन उंचवटे. मुदखेडच्या लोकांनी अशी गाडी पाहिलीच नव्हती. स्टिअरिंगच्या चाकामागं डोक्यावरून पदर घेतलेली, कपाळावर विभूतीचे पट्टे ओढलेली एक ठेंगणी बाई बसलेली बघून माझी आई माझ्या कानाशी लागली. म्हणाली, "सासूच चालवती का गं? रस्त्यात काय झालं म्हंजे?" अव्वांना ते ऐकू गेलं असावं. खिडकीतून वाकून त्या आईला म्हणाल्या, "इहीणबाई, फिकीर करू नका. पोरगी माझ्या शेजारी बसंल. मला काय झालं तर तिला होईल, न्हाई तर न्हाई." यात दिलासा कुठला, हे आईला पुढं कितीतरी वर्षं कळलं नाही.

गाडी होती शेवरोले. माझे सासरे, आप्पा, लातूरच्या गंजात, म्हणजे धान्यबाजारात, आडतीचा धंदा करायचे. निजामी संपून काही वर्षं झाली होती, हैदराबादच्या एका मोठ्या देवडीतलं, नवाबाच्या वाड्यातलं, सामान विकायला निघत होतं. आप्पा गेले होते तुरीच्या व्यवहाराला आणि आले ही गाडी घेऊन. अमेरिकेत बनलेली, पुढं माणसं तीन बसली तरी ऐसपैस, गियरचा दांडा चाकाच्याच दांडीला. गंजातले लोक तिला "हत्तीण" म्हणायचे. आप्पांनी हौसेनं अव्वांनाही चालवायला शिकवलं, गावाबाहेरच्या माळावर. आपल्या बायकोला गाडी येते हे त्यांना चारचौघांत सांगायचं असायचं, बस. पुढं ते अचानक गेले, माझ्या लग्नाच्या दोन-तीन वर्षं आधी. सगळ्यांना वाटलं आता गाडी जाणार. अव्वांनी ती दुसऱ्याच महिन्यात बाहेर काढली आणि एकट्या चालवत सिद्धेश्वराच्या देवळापर्यंत जाऊन आल्या. विधवा बाईचं हे वागणं गल्लीत लई दिवस बोललं गेलं. मी एकदा त्यांना विचारलं होतं, आप्पांची आठवण म्हणून ठेवलीत का गाडी? त्या म्हणाल्या, "आठवणीला फोटो हाय की भिंतीवर. मला गाडी चालवाया आवडती. त्यात काय?"

पण त्या दुष्काळाच्या वर्षी दारात अशी गाडी असणं आमच्या ह्यांना सोसवेना. गल्लीतल्या आडांनी तळ गाठलेला. घागरी रांगेत लावून बायका टँकरची वाट बघायच्या. आणि ह्या गाडीला तर पेट्रोलइतकंच पाणीही लागायचं. तापली की इंजिनपुढच्या टाकीत ओतावं लागे. अव्वा स्वतःच्या आंघोळीचं पाणी कमी करून ते डब्यात साठवायच्या, तरी ह्यांना ते बघवायचं नाही. "लोक घोटभर पाण्याला मोताद झालेत, आन् आपण गाडीला पाजून राहिलो," हे एकदा जेवताना म्हणाले. अव्वा ताटातली भाकरी मोडत राहिल्या. मग हात धुवायला उठता उठता म्हणाल्या, "हाव, खरं हाय तुझं. बघ गिऱ्हाईक."

गिऱ्हाईक मिळालं, हैदराबादचंच. ते येण्याआधी गाडी एकदा निलंग्याला माझ्या नणंदेला दाखवून आणायची, एवढंच अव्वांनी मागितलं. आम्ही दोघीच निघालो. औशाच्या पुढं रस्त्याच्या दोन्ही अंगांना माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत बसलेली. नुसती माणसं आणि उन्हात उडणारी धूळ... झाडाला पान नव्हतं. आम्ही काच वर करून चाललो होतो. अव्वा नेहमी गाडी चालवताना काहीतरी गुणगुणायच्या, त्या दिवशी गप्प होत्या. परतीच्या वाटेवर एका कामापाशी मुकादम हात आडवे करून रस्त्यातच उभा राहिला. कामावरची एक बाई सकाळपासून अडली होती. सुईणीनं हात टेकले होते, बैलगाडीनं लातूर गाठणं शक्य नव्हतं. अव्वांनी मागचं दार उघडलं. ज्या गादीवर त्या कुणाला चुरमुरे खाऊ देत नसत, तिच्यावर त्या बाईला आडवं केलं. कोंडाबाई तिचं नाव. बरोबर तिची जाऊ बसली, आणि आम्ही निघालो.

निम्म्या वाटेवर गाडी तापली. पुढून वाफ निघायला लागली, काट्याकडं बघून अव्वांनी गाडी कडेला घेतली. डब्यातलं पाणी जाताना संपलेलं. समोर एक गाव होतं, आणि गावाच्या आडात नुकताच टँकर रिकामा झालेला. आडाभोवती बायकांची झुंबड. अव्वांनी माझ्या हातात डबा दिला. मी गेले खरी, पण माझ्या अंगावर लग्नातलं रेशमी लुगडं, हातात हिरवा चुडा, आणि मागायचं काय तर गाडीसाठी पाणी. घागरी धरून उभ्या असलेल्या त्या बायकांपुढं माझी जीभ उचलेना.  मागून अव्वा आल्या. त्यांनी आवाज चढवला नाही की गयावया केली नाही. म्हणाल्या, "मायांनो, गाडीला पाणी पायजे. आत बाई आडलीय."

 इठाबाई नावाची एक उंच बाई भरली घागर कमरेवर घेऊन गाडीपाशी आली, काचेतून तिनं आत पाहिलं. कोंडाबाईनं दातांत पदर धरला होता. इठाबाईनं वळून बाकीच्यांना नुसती मान हलवली. मग बायका येत गेल्या. टाकी निवेपर्यंत थांबावं लागत होतं, तेवढ्यात एकीनं कोंडाबाईच्या तोंडावर पाणी शिंपडलं, एकीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. पदराचा बोळा करून अव्वांनी झाकण काढलं आणि प्रत्येकीनं आपल्या घागरीतलं थोडं थोडं ओतलं. सगळी घागर कुणीच रिती केली नाही. तेवढं कुणाला परवडणारंही नव्हतं. इठाबाईनं डबाही भरून दिला. "पुढं लागंल," म्हणाली. अव्वा तिला काहीतरी म्हणायला गेल्या, पण ती "निघा, निघा" करत बाजूला झाली.

लातूरच्या दवाखान्यात संध्याकाळी कोंडाबाईला मुलगी झाली. दोघी सुखरूप. अव्वा बाहेरच्या बाकावर बसून होत्या, लुगड्याला ग्रीस लागलेलं. मी त्यांना घरी चला म्हटलं तर म्हणाल्या, "बस जरा. लेकराला बघून जाऊ." 

हैदराबादचं गिऱ्हाईक ठरल्याप्रमाणं आलं. अव्वांनी त्याला चहा दिला आणि गाडी द्यायची नाही म्हणून सांगितलं. हे चिडले. शब्द दिला होता, इज्जतीचा सवाल होता. अव्वा म्हणाल्या, "अरे, उद्या पाणी दिलेल्या बायांतली एखादी आडली आन् गाडी मागाया माणूस आला, तर काय सांगू? इकली म्हणू?"  आणि माणूस खरंच आला, थोड्याच दिवसांत, सायकल मारत. त्यानंतर येतच गेले. बाळंतिणी, साप चावलेले, खडी फोडताना डोळ्यात कपची गेलेले. पाऊस पडेपर्यंत त्या रस्त्यावर अव्वांची गाडी ठाऊक नाही असं गाव उरलं नाही. पाण्याचा डबा ह्यांनीच भरून ठेवायला सुरुवात केली. 

पुढं लातूरचा जिल्हा झाला. गावभर पताका, कमानी, नव्या कचेऱ्यांवर दिव्यांच्या माळा. मिरवणुकीत पाहुण्यांना बसवायला गंजातल्या मंडळींनी आमची गाडी मागितली. सगळ्या गावात तशी एकच होती. फक्त चालवायला त्यांचा माणूस असेल, म्हणाले. अव्वांनी विचारलं, "माझ्यात काय खोट हाय?" मंडळी अवघडून हसली. "तसं न्हाई अव्वा, बरं दिसत न्हाई." त्यांना गूळपाणी देऊन अव्वांनी वाटेला लावलं, आणि दुपारी मला घेऊन निघाल्या त्या थेट इठाबाईच्या गावी. पाणी दिलेल्या बायकांना जिल्ह्याचे दिवे दाखवायचे, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. पण गावात आता त्यातल्या फारशा उरल्याच नव्हत्या. कुणी पुण्याकडं कामाला गेलेली, कुणी ऊसतोडीला, एक-दोघी वारलेल्या. अव्वा एकेक नाव विचारत घरोघर फिरल्या. गाडीत बसल्या त्या इठाबाई आणि आणखी दोघीच. मागची गादी भरलीसुद्धा नाही.

दिवेलागणीला आम्ही गावातून फिरलो. इठाबाई काचेला नाक लावून बघत होती. "जिल्हा म्हंजे काय गं माय?" तिनं विचारलं.

"म्हंजे आता कलेक्टर हितंच बसणार. कागदाला उस्मानाबादला जायाचं काम न्हाई," अव्वा म्हणाल्या.

"आन् पाणी? ते बी हितंच मिळंल का?"

अव्वा मोठ्यानं हसल्या. हसता हसता त्यांनी गाडीचा वेग कमी केला आणि गंजगोलाईच्या गोल चौकाला आणखी एक फेरी मारली.

जिल्हा झाला तशी गावोगाव जीपगाड्या झाल्या, सरकारी दवाखाना मोठा झाला, रुग्णांना न्यायला सरकारी गाडी येऊ लागली. आमच्या दारात माणूस यायचा थांबला. सुटे भाग मिळेनात, मिस्त्री इकडचं तिकडं जोडून कशीबशी चालवून द्यायचा, मग तेही बंद पडलं. भूकंपानंतर इठाबाईचं गावही उठलं, नवं गाव रस्त्यापासून आत वसलं. आडाच्या जागी आता नुसती बाभळ आहे. अव्वा संध्याकाळी ओट्यावर बसायच्या, रस्त्याकडं बघत. एकदा म्हणाल्या, "आताशा कुणी येत न्हाई बघ."

"अव्वा, आता सगळीकडं सोय झाली ना," मी म्हटलं.

"हाव. बरंच झालं की." आणि मग स्वतःशीच, "लई बरं झालं..." पण नजर रस्त्यावरनं हलली नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एखादी सायकल वळली की त्या मान उंचावायच्या. पंचवीस-तीस वर्षं मी ते पाहिलं. कुणाचं वाईट व्हावं असं त्यांच्या मनात कधी आलं नसेल, पण कुणीतरी धापा टाकत यावं आणि "अव्वा, गाडी काढा" म्हणावं, याची त्यांना ओढ होती. त्या ओढीला आम्ही कुणीच काही करू शकत नव्हतो.

मी लातूरला पोचले तेव्हा अव्वांना ओट्यावर बसवलं होतं. आमच्यात माणसाला बसवूनच माती देतात. ताठ पाठ, कपाळभर विभूती, गळ्यात झेंडूच्या माळा. त्या बसलेल्या बघून एका म्हाताऱ्यानं माझ्या कानाशी येऊन म्हटलं, "गाडीत बी अशाच बसायच्या." तो कोण होता, मला ठाऊक नाही. विचारायच्या आत गर्दीत मिसळला.

परवा गाडीच्या शेडवरचे पत्रे बदलायला माणसं बोलावली. चाकांत हवा भरून त्यांनी गाडी ढकलत अंगणात काढली, काम झाल्यावर पुन्हा आत लावली. मी चहा घेऊन गेले तर गाडीचं तोंड भिंतीकडं. अव्वा गाडी कायम मागं घेत आत लावायच्या, तोंड रस्त्याकडं. माणूस आला की वळवण्यात वेळ जायला नको म्हणून. गाडी बंद पडून इतकी वर्षं झाली तरी त्यांनी ती तशीच ठेवायला लावली होती.

"काढा पुन्हा," मी म्हटलं. "फिरवून लावा."

त्यातला एकजण घाम पुसत म्हणाला, "बाई, चालू तर न्हाई ती. कुठं जायची हाय?"

मी चहाचा ट्रे खाली ठेवला आणि गाडीला हात लावायला त्यांच्याबरोबर उभी राहिले. हे घरातून बघत होते. तेही चपला घालून आले. आम्ही सगळ्यांनी मिळून ती बाहेर काढली, अंगणात वळवली आणि मागं ढकलत आत नेली. आता तिचे दोन्ही दिवे रस्त्याकडं बघत आहेत.